तंग

तंग आवळायला गेलं की चावायला यायची,
म्हणून नावच लवंगी पडलं.
चार वर्षं पाचगणीच्या टेबललँडवर
मीच सगळ्यांना सांगत फिरलो, खोडील आहे.

वाईहून बनसोडे डॉक्टरबाई आल्या.
बरगडीमागं नळी लावून बराच वेळ गप्प.
मग विचारलं, सकाळी काय घालतोस?
म्हटलं, चार फेऱ्या झाल्या की हरभरा.
आणि त्याआधी?
त्याआधी गिऱ्हाईक.

त्या म्हणाल्या, दस्तगीर,
माणसाचं आम्ल जेवणाची वाट बघतं थोडीफार,
घोड्याचं नाही, ते रात्रंदिवस झरतं.
गवत नसलं की पोटालाच खातं.
आणि घोड्याला ओकताही येत नाही रे.

आता पहाटे अंधारात
आधी पेंढी सोडतो, खोगीर मागनं.
हरभरा मूठभर. दुपारी तंग ढिला.
महिनाभर औषध,
रोजच्या तीन फेऱ्यांचे पैसे त्यातच.

पर्यटक म्हणतात, चला ना भाऊ, ऊन चढतंय.
थांबा जरा, म्हणतो,
ती खातीय.

काल तंगाला हात घातला.
मान वळवली तिनं.
सवयीनं मनगट मागं घेतलं मी,
तिनं नुसतं हुंगलं.