चौथा प्रकार

पोहणं, सायकल, धावणं.
फॉर्मवर तीनच रकाने होते
आणि तिसऱ्यात मी लगेच खूण केली.
धावते ना मी. म्हणजे, तशी.
बुधवारी आणि रविवारी, तळ्याकाठच्या वाटेनं
कबरस्तानाच्या फाटकापर्यंत आणि परत,
गुडघा कुरकुरला तर अलीकडच्या बाकापासूनच परत.
घड्याळ कुणी लावत नाही, मीही नाही.
बावन्नाव्या वर्षी एवढं एक तरी
माझ्या नावावर आहे, असं धरून चालले होते.

जानेवारीत, बाहेर उणे एकवीस,
पालिकेच्या तरणतलावात राइली भेटली.
वय चौऱ्याहत्तर, हातात ॲल्युमिनियमची लांब काठी,
बुडणाऱ्याला ओढायला की ढोसायला, ते तिनं सांगितलं नाही.
पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात.
मी पडले. मला फक्त भिजता आलं.
"तू श्वास साठवतेस," राइली म्हणाली,
"तळघरात बटाटे साठवावेत तसा.
सोड खाली. बुडबुडे दिसू देत मला."
तीन आठवडे मी कठडा धरून
बुडबुडेच काढले.
शेजारच्या लेनमधली सात वर्षांची पोरं थांबून बघायची,
त्यातल्या एकानं मला टाळ्याही वाजवल्या.

सायकल पेंटीची, तळमजल्यावरच्या.
सीट खाली आणून आणून शेवटी
ती आणखी खाली येईना, मग मीच जरा उंच झाले.
एप्रिलमध्ये बर्फ गेला
पण हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेली खडी
अजून कुणी झाडली नव्हती.
दोनदा पडले. एकदा तर उभ्या सायकलवरून,
सिग्नलला, कुणीही धक्का न देता.
दुसऱ्या दिवशी औषधांच्या काउंटरवर
मुरगळल्याचं मलम मागायला आलेल्या म्हाताऱ्यानं
माझं कोपर पाहिलं
आणि म्हणाला, "आधी तुम्ही घ्या."

चौथा प्रकार फॉर्मवर नव्हता.
तो असतो मधल्या मोकळ्या जागेत:
ओल्या अंगातून रबराचा सूट सोलायचा,
ओल्या पायांत मोजे कोंबायचे,
हेल्मेटचा पट्टा आधी, सायकलला हात नंतर.
आमच्या इमारतीच्या अंगणात मी सराव केला,
कचऱ्याच्या डब्यांपाशी,
गालिचे झोडायच्या लोखंडी दांडीवर सूट टाकून.
वरच्या मजल्यावरच्या छोट्या इल्माला वाटलं
कुणीतरी बाई वाळत घातली आहे.
पेंटी अंडी उकडायचं घड्याळ घेऊन पायरीवर बसायचा.
"चार मिनिटं," सांगायचा. "कच्चं आहे अजून."

आणि मग ते झालं, मे महिन्याच्या शेवटी.
वीस किलोमीटर सायकल मारून
बूट बदलून मी धावायला लागले
माझ्याच वाटेवर, जिथे अकरा वर्षं धावले,
आणि पाय माझे नव्हते.
ओले ओंडके होते, कुणाचे तरी, उसने आणलेले.
बाक आलं. ते नेहमीपेक्षा लांब होतं.
एक बाई कुत्र्याला घेऊन चालत मला मागे टाकून गेली,
कुत्रा मात्र वळून बघत राहिला.
तिसऱ्या रकान्यातली ती खूण आठवली
आणि मला, खरं सांगते, रडूच आलं.
बाकी सगळं नवं असणार हे माहीत होतं;
हे नाही.

फाटकापाशी वळले तेव्हा पाय आले.
उशिरापर्यंत खेळून आलेल्या पोरांसारखे,
गपचूप, कोपऱ्यातून.
कुठे होता, मी विचारलं नाही.

काल तळ्यात उतरले. पाणी चौदा अंश,
कोऱ्या चहाच्या रंगाचं.
तोंड खाली घातलं, श्वास सोडला,
आणि माझेच हात दिसले
पिवळट, जुन्या फोटोतल्यासारखे,
पुढे जाणारे, एकामागून एक.
काठावर राइली काठी न घेता उभी होती.

शनिवारी आहे. पाकिटात नंबर आला आहे: ३१७.
पेंटी विचारत होता किती वाजता निघायचं
आणि घड्याळ कितीचं लावू.
त्याच्या त्या घड्याळाचा काटा
साठ मिनिटांच्या पुढे जात नाही.
म्हटलं, वाजलं की पुन्हा पिळ.