वीस ते ऐंशी

सावद्यात मे महिना सत्तेचाळीसचा.
पत्र्याच्या शेडवर मी केळीची वाळकी पानं अंथरली,
खाली गाडी.
शेजारचे वारके हसले: म्हैस बांधली का हो?

उन्हातून आलेल्याला माय लगेच पाणी देत नसे.
बस जरा, म्हणायची, घाम जिरू दे.
जेवताना: दोन घासांची जागा ठेवून ऊठ.
आणि रात्री कितीही भांडण झालं तरी: उपाशी निजू नको.
कंपनीच्या पुस्तकात हेच आहे,
नुसते आकडे घातलेत.

वीसच्या खाली नाही, ऐंशीच्या वर नाही.
तापलेली असली तर तासभर थांबायचं,
मग वायर.
दीड वर्ष पाळलं.

जूनच्या सहा तारखेला रात्री
पहिल्यांदा बॅटरी शंभर होऊ दिली.
मोक्षदा दोनदा उठून बघून गेली,
तिलाही कळत होतं शंभर म्हणजे काय.
मागच्या सीटवर गादी, बादली, कळण्याच्या पिठाचा डबा.

संभाजीनगरला होस्टेलच्या फाटकाशी
'निघा आता, ऊन होईल' म्हणाली,
माझंच वाक्य.

परत येताना अजिंठ्याचा घाट उतरलो
तर दोन टक्के वाढले.
तेवढंच परत आलं.

दारात पोचलो तेव्हा चौदा.
मंगला वायर घेऊनच उभी.
राहू दे, म्हटलं, तापलीय.
ओट्यावर बसलो दोघं.
गाडीच्या पोटात पंखा घरघरत होता,
मग तोही थांबला.
पाण्याचा तांब्या मध्ये.
कोणी उचलला नाही.