ओठ मिटतात तिथे

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
पूर्वी इथे बॉलबेअरिंग बनायची.
आता तिसऱ्या मजल्यावर,
अंड्यांच्या ट्रेसारखा फोम ठोकलेल्या खोलीत
मी तासाच्या हिशेबाने अमेरिकन होतो.

लायोनेल प्रॅट. त्याचं नाव पडद्यावर येतं.
माझं येत नाही, तसं करारातच आहे.
पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा तो बेचाळिशीचा,
न्यायाधीशाच्या झग्यात, साक्षीदाराला फसवणार होता.
खोटं बोलण्याआधी तो नाकाने हवा घेतो,
जराशीच,
दूध नासलंय का बघावं तशी.
हे त्याच्या दिग्दर्शकांना ठाऊक नसावं.
बायकोला असेल. दोन्ही बायकांना.

ग्लेन डिमेलो काचेपलीकडून सांगायचा,
चौबळकाका, ओठ मिटतात तिथे
प फ ब भ म, बाकी काहीही चालेल.
म्हणून माझं बरंचसं आयुष्य पवर्गावर चाललं.
त्याच्या भाषेतलं प्रेम तीन ठोक्यांत उरकतं,
आपलं तोवर 'माझं तुझ्यावर'पाशीच अडलेलं.
ओठ तर मिटतच नव्हते.
कागदावरचं खोडलं आणि म्हणालो, 'राहा ना.'
ती राहिली.
दारातून बॅग घेऊन परतली बाई,
नौपाड्यातल्या दोन शब्दांवर.

एका मुलाखतीत वाचलं, तोही आधी नाटकातला.
चर्चच्या तळघरात तालमी, दिवसा लोकांचं फर्निचर वाहायचा,
सात वर्षं भाला धरून राजाच्या मागे उभा.
मग एका रात्री राजा आजारी पडला.

मी गडकरी रंगायतनला, तिसऱ्या अंकात, पोस्टमन.
'तार आहे, सही करा.'
आमचा नायक कधी आजारी पडला नाही.
अजून ठणठणीत आहे, सकाळी तलावपाळीवर भेटतो.

ऐन भरात असताना प्रॅटने सिनेमा सोडला,
परत नाटकात गेला, आठवड्याला आठ प्रयोग,
दीपगृहाचा म्हातारा रखवालदार.
माणसं रस्त्यावर रांग लावून उभी, म्हणे.
ती दोन वर्षं मला काम नव्हतं.
तिथे तो त्याच्याच आवाजात बोलत होता
आणि मी मासुंद्याला फेऱ्या मारत
त्याच्यावर चिडत होतो,
नातलगावर चिडावं तसा.

परतला तेव्हा पुढचे दात नवे होते.
कुठे छापून आलं नव्हतं, मला 'स'वरून कळलं.
पुढल्या वर्षी माझेही काढले.
कवळीतून त्याचा 'स' येईना,
मग संवादातले 'स' वेचून काढले, तांदळातले खडे जसे.
'सांग' नाही, 'बोल'. 'संपलं' नाही, 'झालं'.

झालं.
जांभळी नाक्यावर बोंबील घेत होतो.
विनयाचा फोन, 'तुमचा तो गेला हो.'
कोळणीने वाटा कागदात बांधता बांधता विचारलं,
कोण गेलं, भाऊ?
काय सांगणार.
म्हटलं, ऑफिसातला एक.
तिने दोन बोंबील जास्त घातले.

तिकडे त्याच्यासाठी म्हणे थिएटरांचे दिवे
मिनिटभर मंद केले.
वागळे इस्टेटची वीज शुक्रवारी जाते,
ती कुणासाठीही जाते.

शेवटच्या सिनेमात तो लकवा झालेला शिक्षक.
एकही वाक्य नाही.
निर्माता म्हणाला, मूळचेच श्वास ठेवू, पैसे वाचतील.
ग्लेन भांडला. दोन तास मिळाले.
खोकला, घोट, उशीवर मान वळवतानाचं कण्हणं.
कागद कोरा. मी तरी चष्मा लावून उभा.

शेवटच्या शॉटमध्ये तो खिडकीशी,
बाहेर बर्फ, खोलीत दुसरं कुणी नाही,
आणि तो नाकाने हवा घेतो,
जराशीच.

मीही घेतली, तेवढीच.
पुढे पडदा काळा.

काचेपलीकडे ग्लेनने अंगठा वर केला.
मग थोड्या वेळाने माईक चालू करून म्हणाला,
काका, सोडा आता.