पाण्याची पाळी

आगीनंतर तिसऱ्या दिवशी औषधांचं दुकान उघडलं
तर कडीला लागून बोटं काळी.
आत बंद कपाटातल्या बाटल्यांवरही राख,
कुठून शिरली कोण जाणे.

दहा वाजेपर्यंत डोळ्यांत घालायचे थेंब संपले.
मग खोकल्याचं औषध, मग भाजल्यावरचं मलम.
मस्कतला पाठवायची यादी करायला घेतली.
यादीत झोप लिहिता येत नाही.

हैल अस-सिद्रमध्ये अकराशे खजुरी होत्या म्हणतात.
कुणी म्हणतं चौदाशे.
जळाल्यावर झाडं वाढतात.

मी हर्णैचा. आमच्याकडे भाजावळ असते,
आग आपणच लावतो, आपणच हाकतो,
दावणीला बांधल्यासारखी बांधाशी थांबते ती.
ही कुणाची नव्हती.
गर्बी वाऱ्यावर बसून आली,
झावळीवरून झावळीवर,
जमिनीला पाय न लावता.

मोतालेब वीस वर्षं याच झाडांवर चढला.
कमरेचा दोर, कोयता, पासपोर्टची झेरॉक्स,
सगळं खोपटात होतं.
खोपट पहिल्या पाच मिनिटांत गेलं.
पंचनाम्याला आलेल्या साहेबानं झाडं मोजली,
बकऱ्या मोजल्या, पंप मोजले.
टेपचं दुसरं टोक मोतालेबनं धरलं होतं.

झुवैना चिठ्ठीशिवायच आली.
काउंटरवर मूठ उघडली: चार नघाल,
झाडावरच भाजलेले, साल तडकलेले.
"खा," म्हणाली, "यंदाचे एवढेच."
गोड होते.
धूर मात्र संध्याकाळपर्यंत जिभेवर राहिला.
थेंबांचे पैसे नको म्हटलं, तर रागावली,
नाणी एकेक करून मांडून गेली.

आज मंगळवार. दुपारनंतरचं पाणी खल्फानचं.
फलजला आग कळलेली नाही,
डोंगराच्या पोटातून पाणी येतंच आहे,
वर राखेची साय धरून.
दुकान ओढून घेतलं आणि बघायला गेलो.

खल्फाननं रोजच्यासारखी काठीची सावली पाहिली,
दगड-चिंध्यांचा बोळा काढला,
पाणी आपल्या वाफ्यात वळवलं.
वाफ्यात नुसते काळे खांब.
पाणी फुसफुसलं, मग गप मुरत गेलं.
तो पाळीभर उभा राहिला,
एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही.
पलीकडे साईफ फावडं टेकवून थांबलेला,
पुढची पाळी त्याची.
त्याच्याकडेही खांबच.

मोतालेब एका खोडाला कान लावून होता.
शेंड्याचा गाभा जिवंत असला
तर दोन महिन्यांत हिरवं सुटतं, म्हणाला.
वर जाऊन बघायला
कुणाचा दोर उसना मिळेल का?

रात्री मस्कतच्या यादीत
मलमाच्या खाली मी दोर लिहिला.
किती लांब हवा,
विचारायचं राहून गेलं.