थेंब घातल्यावर

डोळ्यांत थेंब घालून बसवलंय आम्हाला.
"अर्धा तास मिटून ठेवा," कंपाउंडर बसवराज सांगून गेला.
कोण मिटतंय?
खानापुरातल्या ह्या दवाखान्यात, समोरच्या भिंतीवर
एक चित्र आहे, पाण्याच्या रंगातलं.
कुणाची तरी बाग. गुलबक्षी, अबोली, एक पांढरी शेवंती,
आणि पक्षी.
किती, त्यावर वाद चाललाय.

नंदगडची यल्लूबाई म्हणते, दोन. नवरा-बायको.
तो रुसलाय बघ, मान तिकडं.
बसवराज जाता जाता म्हणतो, गुब्बी री, गुब्बी.
कुणाचा तरी नातू म्हणतो, एक पक्षी आणि एक डाग.

मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
पिठाची गिरण, सोसायटी, शाळा, सलून.
माझा रंग झाकणारा.
खाली काय होतं ते विचारायचं नाही,
एक हात, वाळू द्यायचं, दुसरा हात,
वर नवी अक्षरं, सांगतील त्या लिपीत.
(वळण माझं कन्नडचं जास्त चांगलं. घरी बोललो नाही कधी.)
तरी दोन उन्हाळ्यांत जुनी वेलांटी फुगून वर यायची
आणि मालकाचा निरोप:
नागोजी, अजून एक हात मार की गा.

हा रंग तसा नव्हे.
ह्यात पांढरं म्हणजे सोडलेला कागद.
शेवंती कुणी काढलेलीच नाही.
भोवतीची पानं काढली, आणि हात थांबवला.

थेंब चढायच्या आत मी उठून जवळ गेलो होतो.
कुंपणापाशी तिसरा आहे,
नुसत्या पेन्सिलीचा,
वरून निळं पाणी फिरवलंय, आभाळ म्हणून.
मोडायचा असेल. राहिला.

आता कडा सुटल्या सगळ्या,
अबोली पाझरत गुलबक्षीत गेली.
मी अंदाजानं बोट करतो. यल्लूबाई बराच वेळ बघते,
तिचेही डोळे माझ्यासारखेच, काळे भोकर.
"व्हय की," म्हणते.
"पण बसलेला नव्हे त्यो. आत्ता उठलाय."

बाहेर ऊन अंगावर धावून येतं.
स्टँडवर गाडी लागते. तिच्या कपाळावरची पाटी
मला नुसता पांढरा उजेड.
"कुठली गं?"
यल्लूबाईला इकडचीही अक्षरं येत नाहीत, तिकडचीही.
ड्रायव्हरचा खोकला ऐकते क्षणभर.
"आपलीच. चढ."