हनुवटी टेकते का?

माझ्या डाव्या बाजूला या आणि बोला.
उजवा कान मी नऊ वर्षांची असताना
अशाच एका मार्चमध्ये गेला.
तेव्हा गावात कुणी विचारलंच नव्हतं,
हनुवटी टेकते का छातीला?

मी विचारते. दिवसातून दीडशे वेळा.
झिंदेरच्या पूर्वेला, डांबर संपतं त्याच्याही पुढे
दोन खोल्यांचं केंद्र, उन्हावर चालणारा एक फ्रीज,
कडुनिंबाखाली चटया.
हरमटान सुटलाय. धूळ दातांत करकरते.

धूळ रोग आणत नाही, ऐका.
ती घसा खरवडून दार किलकिलं करते, एवढंच.
आत शिरतं ते माणसाचं माणसाला:
खोकला, उष्टा पेला,
एका खोलीत सहा जणांचा श्वास.
तेव्हा आजपासून चटया अंगणात.
एकाचं डोकं, शेजारी दुसऱ्याचे पाय.
अब्सातू हसली, माझा नवरा तसाही उलटाच झोपतो.
मग बरंच आहे की.

काल टोचलेली लस आज ढाल होत नाही,
आठवडा, दहा दिवस लागतात.
तोवर कुणी म्हणेल, मला टोचलंय, हा ताप उन्हाचा.
त्यालाही आणा.
उन्हाचा निघाला तर पाणी पाजून परत पाठवीन,
रागावणार नाही.

तान्हं बाळ मानेचं सांगणार नाही.
टाळूवर हात ठेवा. फुगलीय?
दूध नको म्हणतंय, बारीक किंचाळतंय,
की रडणंच नाही, ओल्या फडक्यासारखं हातावर लोंबतंय?
तर सकाळची वाट बघू नका,
बाजाराच्या दिवसाची नाही, मामाच्या मोटारसायकलची नाही.
मालमने लिहिलेला ताईत बांधा हवा तर,
वाटेत बांधा.

तास्सिऊ कुस्तीगीर.
सात गावांत कुणी त्याची पाठ मातीला लावली नव्हती.
डोकं फुटायला आलं तरी बोलला नाही,
उजेड सोसेना तर पोतं ओढून बसला.
माझा मुलगा ताठ मानेचा, त्याची आई सांगत होती.
मी मानेखाली हात घातला, उचलली.
मानेबरोबर खांदे आले, खांद्यांबरोबर कंबर,
दाराची फळी उचलावी तसा अख्खा माणूस.
एवढा ताठपणा बरा नव्हे मावशी, मी म्हटलं,
आणि इंजेक्शन भरलं.

कण्यातलं पाणी नितळ हवं.
त्याचं तांदळाच्या धुवणासारखं.
ती सुई माणसाला लुळं करते म्हणतात.
सुई आम्हाला रोगाचं नाव सांगते.
लुळं करतो तो उशीर.

घरातल्या सहा जणांना एकेक गोळी दिली.
सातवी यादीत नव्हती.
अंधार पडल्यावर कुंपणामागून आली,
नाव सांगणार नाही म्हणाली.
नाव नको. हे पाणी घे, गीळ.

पाचव्या दिवशी तो उठून बसला.
आई त्याच्या पाठीमागे बसून बोलत होती,
शेळीला झालेलं करडू, बाजरीचा भाव, बराच वेळ.
तो वळला नाही.
मी दोन पत्र्याचे डबे एकमेकांवर आपटले.
अब्सातू दचकली, बाहेर शेळ्या दचकल्या.
तो नखातली माती काढत होता.

हेही सांगायचं असतं.
वाचलेला माणूस सगळाच्या सगळा परत येतो असं नाही.
महिन्याभरात त्याला पुन्हा आणा, कान बघायला,
पोर वर्गात लक्ष देत नाही म्हणून
छडी उचलण्याआधी आणा.
माझ्यावर उचलली होती.

मी वळसा घालून त्याच्या समोर बसले.
बोटाने आधी माझी हनुवटी दाखवली, मग माझी छाती.
त्याने वाट पाहिली, जणू आखाड्यात पंच इशारा देणार आहे,
आणि मान वाकवली.
टेकली.

काय सांगितलंस गं त्याला, आईने विचारलं.
तिच्याकडे उजवा कान होता माझा,
म्हणून तिला दोनदा विचारावं लागलं.

पुढचं कोण?
डावीकडून या.