महिरपी कंस

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
आवाज क्लाक्सविकच्या बंदरातला नव्हता,
बाहेरच्या समुद्रातला, मध्येमध्ये तुटणारा.
"रान्वा, तुझ्या हवामानाला काय झालंय?
कागदभर नुसते गळ छापून येतायत."

गळ?

"वाकडे. एक उघडणारा, एक मिटणारा.
आणि सगळीकडे अवतरणचिन्हं, माशाच्या अंड्यांसारखी."

हेर्गैरच्या बोटीवर
त्याच्या सासऱ्याच्या काळातलं छपाईयंत्र आहे.
त्याला एक्सएमएल समजतं, बाकी काही नाही.
दर तासाला ते माझ्या सर्व्हरचं दार वाजवतं
आणि सांगतं, मला हे चालतं. एवढंच.
अकरा वर्षांत त्यानं दुसरं काही मागितलेलं नाही.

पोरांचे मोबाइल वेगळे.
त्यांच्या विनंतीच्या माथ्यावर अख्खी यादी असते,
पसंतीच्या आकड्यांसकट:
जेसन मिळालं तर उत्तम,
एक्सएमएलला शून्य पूर्णांक आठ,
साध्या मजकुराला शून्य पूर्णांक तीन,
आणि सगळ्यात शेवटी चांदणी, तिरकी रेघ, चांदणी.
म्हणजे काहीही चालेल.

(या चांदण्यांची मला जरा धास्तीच वाटते.
काहीही चालेल म्हणणाऱ्याला
काय चालत नाही
ते ताट वाढल्यावर कळतं.)

मी नोंदी उघडल्या. माझा कोड निर्दोष होता.
प्रत्येकाचा कागद वाचून
ज्याचं त्याला देत होता.
चूक मधल्या कोठारात होती,
धक्क्यावरच्या त्या लहान पेटीत,
जी उपग्रहाचं बिल वाचवायला
गेल्या शरदात मीच बसवली होती.
पेटी उत्तराची एक प्रत ठेवून घेते.
पत्ता तोच, तर उत्तरही तेच.
तीनला दोन मिनिटं असताना कुणी पोरानं अंथरुणातूनच
मोबाइलवर वारा बघितला असेल,
आणि त्याचं उष्टं ताट
साठ मैलांवर हेर्गैरपुढे गेलं.

एक ओळ राहिली होती.
सगळ्या उत्तरांसोबत जायची ओळ,
की बाबांनो, हे उत्तर मागणाऱ्यागणिक बदलतं,
एकाचं दुसऱ्याला देऊ नका.

लिहिली. पेटी रिकामी केली.
चार वाजायला एकवीस मिनिटं.

काल संध्याकाळी आईला विचारलं होतं, बाबा कसे आहेत.
"बरे आहेत. जेवले."
सकाळी पाद्रीबाईंनाही तेच सांगितलं होतं तिनं,
आणि कोपनहेगनला तैतुरलाही तेच,
मधल्या त्या श्वासासकट.
कोठारातली प्रत.
तिला तरी काय बोलू,
दिवसातून चौदा फोन, पत्ता एकच,
आणि मी विचारताना कुठे म्हटलं होतं
की मला आकडे चालतील, मला डॉक्टरचं वाक्य चालेल,
रडणं चालेल, शून्य पूर्णांक नऊ.
मी नुसतं "कसे आहेत" म्हटलं.
चांदणी, तिरकी रेघ, चांदणी.

यंत्राकडे एक आकडा असतो, चारशे सहा.
तुला चालेल असं माझ्याजवळ काही नाही,
इतकं ते न लाजता सांगतं
आणि जोड तोडतं.
आईजवळ तो आकडा नाही.
म्हणून जेवले.

चार वाजले.
चार वाजून एक.
फोन.
"वायव्य, आठ. झोतात दहा. लाटा साडेपाच मीटर."
तो मोठ्यानं वाचत होता, शाळेतल्यासारखा.
मग थांबला.
"वाईट आहे गं."
हो, वाईट आहे.
"पण वाचता येतंय."

बोट आत वळवतो म्हणाला.
मी खिडकी पुसली, बाहेर अजून काळोखच होता.
आई साडेपाचला उठते.
काय विचारायचं, कोणत्या क्रमानं,
ते एका कागदावर लिहायला घेतलं.
पहिलीच ओळ तीनदा खोडली.